ओपन स्पेस, लॉन आणि पाचशे फुटांचा प्लॉट : नागपूरच्या एका लेआउटचा हिशेब

नागपूरच्या दक्षिणेला, हुडकेश्वर-नरसाळा पट्ट्यात, महापालिकेच्या हद्दीतलं १० एकर शेत. एका बाजूला नाला, मधोमध जुनी विहीर, विहिरीजवळ चिंचेचं मोठं झाड. शेतमालकाने एका डेव्हलपरशी भागीदारी करून तिथे प्लॉट पाडायचं ठरवलं आणि नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मौजा, खसरा आणि माणसांची नावं इथे देत नाही. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केले आहेत. पण प्रश्न जसा समोर आला तसाच मांडते आहे, कारण तो आज बेसा, बेलतरोडी, पिपळा, वाठोडा, दिघोरी अशा शहराच्या प्रत्येक कडेला उभा आहे.

प्रश्न असा. बागेसाठी जागा सोडली की विकायला प्लॉट कमी उरतात. ती जागा सजवली की खर्च वाढतो. आणि याच १० एकरांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी छोटे प्लॉटही द्यायचे असतात. या तिघांपैकी कोणाच्या ताटातलं काढायचं?

माझं मत सुरुवातीलाच सांगते. काढायचं ते सजावटीतून. जागेला हात लावायचा नाही आणि छोट्या प्लॉटलाही नाही. बहुतेक लेआउटमध्ये नेमकं उलटं होतं. जागेचे तुकडे होतात, छोटे प्लॉट मागे ढकलले जातात आणि गेटसमोर कारंजं उभं राहतं.

दहा एकरांचे तुकडे

डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट टाकायचा तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. बोलीभाषेत हीच ओपन स्पेस. १० एकरांत ती १ एकर झाली, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. शाळा, दवाखाना अशा सुविधांसाठी अर्धा एकर वेगळा निघाला. रस्ते आणि नाल्याकाठची पट्टी यांत पावणेतीन एकर गेले. उरले पावणेसहा एकर, म्हणजे सुमारे २,५०,००० चौरस फूट.

एवढ्यावर संपत नाही. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या महापालिकांत समावेशक गृहनिर्माणाची तरतूद लागू आहे. नागपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच २४ लाखांच्या वर होती. त्यामुळे निव्वळ प्लॉट क्षेत्राचा २० टक्के भाग ३० ते ५० चौरस मीटरच्या छोट्या प्लॉटसाठी ठेवणं आलं, आणि त्यांचं वाटप म्हाडाच्या यादीतून. आमच्या हिशेबात ते ५०,००० चौरस फूट, म्हणजे २० बाय २५ फुटांचे १०० प्लॉट. बाकीच्या २,००,००० चौरस फुटांत सरासरी १,५०० फुटांचे १३३ प्लॉट. एकूण २३३ कुटुंबं.

छोट्या प्लॉटचा दर मनाला येईल तसा लावता येत नाही. म्हणून डेव्हलपरचं गणित सरळ होतं. जमिनीचा मोबदला, रस्ते, गटार, वीज, पाणी, मंजुरीचं शुल्क, व्याज, सगळं त्या १३३ प्लॉटमधून वसूल करायचं. आणि हे प्लॉट घेणारी माणसंही काही गडगंज नव्हती. शाळेतले शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी, विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात नोकरीला असलेली तरुण जोडपी, सगळ्यांच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता. "मॅडम, शेजारच्या लेआउटपेक्षा माझा रेट शंभर रुपयांनी जास्त पडला तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. मग त्याला दाखवायला माझ्याकडे काहीतरी पाहिजे की नाही?" असं डेव्हलपरचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं.

पहिला नकाशा

माझ्यापर्यंत आलेल्या पहिल्या नकाशात ओपन स्पेसची टक्केवारी कागदावर बरोबर होती. पण ती चार ठिकाणी विखुरली होती. एक तुकडा मुख्य गेटला लागून, तिथे 'थीम गार्डन'. दुसरा रस्त्याच्या वळणावरचा त्रिकोण, जिथे ना मुलं खेळू शकतील ना बाक मावेल. उरलेले दोन नाल्याच्या काठाने लांबट, पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात बेशरमाची झुडपं. शंभर छोटे प्लॉट मागच्या कोपऱ्यात, नाल्याकडे तोंड करून. त्यांच्या आणि मोठ्या प्लॉटच्या मध्ये भिंत सुचवली होती आणि जाण्यायेण्याचा रस्ता वेगळा.

थीम गार्डनचा आणि एकूण लँडस्केपिंगचा अंदाज १ कोटी ६० लाख. त्यात कमान, कारंजं, रंगीत दिवे, पेव्हर ब्लॉकच्या पायवाटा, रॉयल पामच्या दोन रांगा आणि २०,००० चौरस फूट लॉन.

हा खर्च १३३ प्लॉटवर टाकला तर चौरस फुटाला ८० रुपये पडतात. १,५०० फुटांच्या प्लॉटमागे १ लाख २० हजार. छोट्या प्लॉटच्या किमतीत तो थेट येत नाही, म्हणून कोणी म्हणेल की गरिबाला त्याची झळ कुठे? झळ दुसऱ्या वाटेने येते. ती येते दर महिन्याच्या देखभाल शुल्कातून.

नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला लॉनचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लॉन हिरवं ठेवायला चौरस मीटरमागे रोज सहा-सात लिटर पाणी लागतं. २०,००० चौरस फूट म्हणजे साधारण १,८५० चौरस मीटर. रोजचे अकरा ते तेरा हजार लिटर. त्या भागात मार्चनंतर बोअर आटायला लागतात आणि लोक पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहतात. तिथे रोज दोन टँकर गवतावर ओतायचे. त्यात दोन माळी, कारंज्याची मोटर, दिव्यांचं बिल, कापणी आणि खत धरलं तर महिन्याला सुमारे ९३,००० रुपये. प्रत्येक घराकडून सारखी वर्गणी घ्यायची असं ठरलं होतं, म्हणजे घरामागे ४०० रुपये.

ज्या घरात दोन माणसं राबून महिन्याला वीस-बावीस हजार आणतात, त्या घराला बँकेचा हप्ता, शाळा, गॅस आणि दवाखाना यांच्यावर हे ४०० रुपये कायमचे. आणि ते ज्या बागेसाठी, ती भिंतीपलीकडे.

"बगीचा कोणाले नको असन?"

छोट्या प्लॉटचं वाटप यादीतूनच होणार होतं, तरी त्या भागात भाड्याने राहणाऱ्या, घराच्या शोधात असलेल्या कुटुंबांशी बोलल्याशिवाय नकाशा पुढे न्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. जवळच्याच एका वस्तीत एका संध्याकाळी पंधरा-वीस जण जमले. बहुतेक बायका. कोणी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, कोणी बांधकामावर जाणाऱ्या, एक-दोघींचे नवरे ऑटो चालवणारे.

मी कागद पसरून बागेबद्दल बोलू लागले तशी मेसमध्ये काम करणारी एक ताई म्हणाली, "बगीचा कोणाले नको असन, मॅडम? पन महिन्याले किती पैसे लागतीन ते आधी सांगा." तिच्या शेजारची दुसरी म्हणाली, "तेवढी जागा आमाले वाटून द्या ना. घर तं मोठं होईन."

हा दुसरा मुद्दा बिनतोड वाटतो आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. एक एकरातून गल्ल्यांची जागा वजा केली तर ३०,००० चौरस फूट तरी उरतील. शंभर घरांत वाटले तर प्रत्येकी ३०० फूट वाढतील. पाचशेचा प्लॉट आठशेचा होईल. कोणत्याही आईला हे आकडे मोहात पाडतील.

कायद्याची अडचण आहेच. ओपन स्पेस वाटता येत नाही आणि ५० चौरस मीटरच्या वर गेलेला प्लॉट त्या २० टक्क्यांत मोजला जात नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. आठशे फुटांचा प्लॉट या भागात गुंतवणूकदाराच्या नजरेत भरतो. पाचशेचा प्लॉट राहायलाच घेतला जातो, आठशेचा धरून ठेवायलाही. दुसरं असं की २० बाय २५ च्या प्लॉटवर घर बांधलं की अंगण उरत नाही. लग्नाचा मांडव, पापड-कुरडया वाळवणं, उन्हाळ्याच्या रात्री वाऱ्याला बसणं, म्हाताऱ्यांची सकाळची फेरी, मुलांचं क्रिकेट, हे सगळं घराबाहेर होणार. दीड हजार फुटांच्या प्लॉटवाल्याकडे गच्ची असते, पोर्च असतो, जमलं तर मागे दोन झाडं असतात. छोट्या घराला सामायिक जागेची गरज मोठ्या घरापेक्षा जास्त असते. त्याची जागा काढून त्यालाच वाटणं म्हणजे आजच्या ३०० फुटांसाठी पुढच्या पन्नास वर्षांचं अंगण विकणं.

आणि जागा मुळात फार नाहीच. २३३ घरं, घरटी चार माणसं धरली तर ९३२. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. माणशी सव्वाचार चौरस मीटर. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. नियमाने सोडायची जागा पूर्ण सोडूनही आपण निम्म्याच्या खाली. पुढे मजले चढतील, भाडेकरू येतील, तेव्हा ती आणखी आटेल.

त्या ताईचा पहिला प्रश्न मात्र मी कागदावर सगळ्यांत वर लिहून घेतला. महिन्याला किती? डेव्हलपरच्या फाईलमध्ये लँडस्केपिंगच्या खर्चाचं पत्रक होतं, पण देखभालीचं पत्रक जोडलेलं नव्हतं. ते मी विचारून विचारून तयार केलं.

जागा हरवते कशी

नागपुरात ओपन स्पेसबद्दल लोकांच्या मनात जो अविश्वास आहे त्याला इतिहास आहे. १,९०० आणि ५७२ हे दोन आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ आहेत. नागपूर सुधार प्रन्यासाच्या क्षेत्रातले अनधिकृत लेआउट या दोन आकड्यांनीच ओळखले जातात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यातल्या घरांना नियमित होण्याची वाट दिली. आर.एल. लेटरसाठी, म्हणजे नियमितीकरणाच्या पत्रासाठी, लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. त्या काळच्या कित्येक नकाशांवर हिरवा रंग दिलेला चौकोन होता. प्रत्यक्षात तिथे आज घरं आहेत, दुकानं आहेत.

हे होतं कसं, तर साध्या मार्गाने. लेआउट विकून झाला तरी ओपन स्पेसचा सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहतो. वीस वर्षांनी वारसांना तो सापडतो. तोपर्यंत जागेवर काटेरी झुडपं आणि बांधकामाचा मलबा पडलेला असतो. पडीक जागा ही कोणाचीच नाही असं सगळ्यांना वाटतं. मग कोणी तिथे एक खोली बांधतं, कोणी तीच जागा विकतं, आणि प्लॉटधारक जागे होतात तेव्हा रजिस्ट्री होऊन गेलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात उद्यानाची राखीव जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला आणि त्या वस्तीत राहणाऱ्यांना दाद मागायचा हक्क आहे हे मान्य केलं. त्या निकालाचा आधार आजही घेतला जातो. पण न्यायालयात जायला पैसा लागतो, वेळ लागतो. पाचशे फुटांच्या प्लॉटवाल्याकडे दोन्ही नसतात. म्हणून बंदोबस्त आधीच व्हायला हवा होता.

इथे रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, कामाला आला. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते आणि मंजूर नकाशा सगळ्यांना पाहता येतो. कलम १४ प्रमाणे त्या नकाशात फेरबदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती हवी. म्हणजे नकाशात ओपन स्पेस जिथे आणि जशी दाखवू तशीच ती पुढे टिकवता येईल. नकाशा मुळातच वाईट असेल तर कायदा त्या वाईट नकाशाचंही तितकंच रक्षण करतो. त्यामुळे आमचं सगळं भांडण मंजुरीच्या आधी होणं गरजेचं होतं.

चिंच आणि दुसरा नकाशा

दुसऱ्या नकाशाची सुरुवात त्या चिंचेपासून झाली, आणि त्याचं श्रेय शेतमालक काकांचं. पहिल्या नकाशात चिंच एका प्लॉटच्या मधोमध येत होती. बैठकीत काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ह्या चिचेखाली माह्या बापानं कापूस मोजला. हे झाड तोडसान तं मी सही नाही करत." २०२१ मध्ये राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात झालेल्या सुधारणेने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो आणि ते तोडायची परवानगी मिळवणं अवघड होतं. मिळाली तरी झाडाचं वय जितकं, तितकी झाडं लावावी लागतात. काकांच्या हट्टाला कायद्याचं बळ होतं.

मी ते झाड मोजायला गेले तेव्हा एप्रिलची दुपार होती. शेतातल्या काळ्या मातीला पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडलेल्या. चिंचेच्या सावलीत मात्र माती पालापाचोळ्याने झाकलेली, भुसभुशीत, आणि तिथे गडीमाणसं डबे उघडून बसलेली. सावलीचा घेर मोजला, ५० फुटांच्या वर भरला. नर्सरीतून आणलेलं रोप एवढं व्हायला तीन पिढ्या लागतील. १ कोटी ६० लाखांच्या त्या पत्रकात इतकी सावली कुठेच नव्हती, कारण ती विकत मिळत नाही. रॉयल पामची सावली तर त्याच्या बुंध्याएवढीच पडते. विदर्भात ज्या झाडाखाली माणूस बसू शकत नाही ते झाड बागेत लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा चिंच आणि विहीर मध्ये धरून १६० बाय २०० फुटांचं, ३२,००० चौरस फुटांचं एक सलग मैदान आखलं. उरलेले साडेअकरा हजार फूट छोट्या प्लॉटच्या गल्ल्यांच्या तोंडाशी, लहान मुलांसाठी. नाल्याकाठची पट्टी ओपन स्पेसमध्ये धरलीच नाही. तिथे करंज, अर्जुन, जांभूळ लावून ती तशीच सोडायची. मैदानाच्या तीन बाजूंना मोठे प्लॉट आणि २०० फुटांच्या एका लांब बाजूला दहा छोटे प्लॉट, समोरासमोर. भिंत नाही.

डेव्हलपरला हे पचायला वेळ लागला. रस्त्यालगतची भारी जागा मैदानात गेली होती. त्यांना तयार करणारी गोष्ट साधी मोजणी होती. पहिल्या नकाशात थीम गार्डनसमोर येणारे मोठे प्लॉट सहा होते. दुसऱ्यात मैदानासमोर येणारे चौदा. 'गार्डन फेसिंग' म्हणून जो जास्तीचा दर मिळतो तो सहाऐवजी चौदा प्लॉटला मिळणार होता. बाग कोपऱ्यात ठेवली की ती जाहिरातीला उपयोगी पडते. मध्ये ठेवली की तिच्या चारही कडा विकल्या जातात. हा मुद्दा मी भावनेच्या गोष्टींआधी मांडायला हवा असतो, कारण समोरच्या माणसालाही कर्ज फेडायचं असतं.

पाण्याचा विचार याच टप्प्यावर झाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते या शहरात कोणी विसरलेलं नाही. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस. तेवढा पाऊस १० एकरांवर पडला तर ४० लाख लिटर पाणी होतं. शेत असताना त्यातलं काही शेतात थांबायचं. डांबर आणि स्लॅब आले की ते सगळं एकदम नाल्यात आणि नाल्यातून खालच्या वस्तीत. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी मुरवत नाही, म्हणून नुसतं 'मोकळी जागा पाणी जिरवते' म्हणून भागत नाही. मैदानाचा २०,००० चौरस फुटांचा भाग एक फूट खोल घेतला, वरची काळी माती काढून खाली मुरूम भरला, कडेने उतार दिला. त्यात साडेपाच लाख लिटरच्या वर पाणी काही तास थांबू शकतं, म्हणजे त्या पावसाचा सातवा हिस्सा. मग ते पाइपातून हळूहळू निघून जातं आणि एक-दोन दिवसांत मुलं पुन्हा खेळायला मोकळी. निघालेली काळी माती झाडांच्या खड्ड्यांसाठी वापरली, निम्मी मुरूम आणि शेणखत मिसळून, म्हणजे उन्हाळ्यात ती मुळांभोवती तडकत नाही.

लॉन पूर्ण काढलं. त्याजागी हराळी. मे महिन्यात ती पिवळी पडते आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर आपोआप हिरवी होते. डेव्हलपरच्या सेल्समधल्या मुलांना हे आवडलं नाही, कारण गिऱ्हाईक उन्हाळ्याच्या सुट्टीतच जागा बघायला येतं. त्यांच्या समाधानासाठी गेटजवळ बोगनवेल आणि बहावा लावायचं ठरलं. बहावा नेमका एप्रिल-मेमध्ये फुलतो, आणि जम धरल्यावर बोगनवेलीला पाणी नगण्य लागतं.

पेव्हरऐवजी मुरुमाची पायवाट, जाळीचं कुंपण, विहिरीवर लोखंडी जाळी आणि पुनर्भरण, ठिबक, मोजके दिवे, बाक, पिण्याच्या पाण्याचा नळ, दोनशे झाडं आणि त्यांची तीन वर्षांची निगा. सगळं मिळून ४५ लाख. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नागपुरात विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीने, म्हणजे वनस्पतींच्या मदतीने, सांडपाणी शुद्ध करून बागेला द्यायचा विचार झाला, पण वस्ती पुरेशी उभी राहीपर्यंत सांडपाणीच नसतं. त्यासाठी जागा राखून विषय पुढे ढकलला.

पैसे कोण देणार

वाचलेल्या १ कोटी १५ लाखांचं काय करायचं, यावर सगळ्यांत जास्त बैठका झाल्या. माझी मागणी एकच होती. त्यातले ३६ लाख देखभाल निधी म्हणून बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे.

नव्या बागेचा महिन्याचा खर्च ३५,००० रुपयांवर आला होता. एक माळी, एक मदतनीस, वीज आणि किरकोळ दुरुस्ती. ३६ लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला २ लाख ५२ हजार, म्हणजे महिन्याला २१,००० रुपये. उरले १४,०००. ते घरटी सारखे न घेता प्लॉटच्या क्षेत्राप्रमाणे घ्यायचे. पाचशे फुटांच्या घराला २८ रुपये, दीड हजार फुटांच्या घराला ८४. आधीचे ४०० कुठे आणि हे २८ कुठे.

निधीची गरज दुसऱ्या कारणानेही होती. नागपुरात प्लॉट विकला जातो लवकर, पण घर उभं राहायला पाच-दहा वर्षं जातात. सुरुवातीला राहायला येणारी माणसं हीच छोट्या प्लॉटवाली असतात, कारण त्यांना भाडं वाचवायचं असतं. मोठे प्लॉट मोकळे पडलेले असतात आणि त्यांचे मालक पुण्यात नाहीतर परदेशात. अशा वेळी वर्गणीवर विसंबलं तर बाग पहिल्या दोन उन्हाळ्यांतच मरते, आणि पडीक झालेल्या जागेचं पुढे काय होतं ते वर आलंच आहे. व्याजावर माळ्याचा पगार चालू राहिला तर झाडं तग धरतात.

मोठ्या प्लॉटच्या काही खरेदीदारांनी क्षेत्राप्रमाणे वर्गणीला विरोध केला. "वापर तर सगळेच सारखा करणार" हा त्यांचा मुद्दा. त्यांना लँडस्केपिंगचा जुना आणि नवा बोजा शेजारी मांडून दाखवला. जुन्या पद्धतीत दीड हजार फुटांच्या प्लॉटमागे १ लाख २० हजार. नव्यात ४५ लाख अधिक ३६ लाख, म्हणजे ८१ लाख, प्लॉटमागे सुमारे ६१ हजार. आणि महिन्याच्या ४०० ऐवजी ८४. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

सगळं मनासारखं झालं असं नाही. वाचलेल्या रकमेतले ३६ लाख निधीत गेले. छोट्या गल्ल्यांच्या गटारांवर आणि दिव्यांवरही काही गेले, पण मोठ्या प्लॉटचा दर वाचलेल्या पैशाइतका उतरला नाही. बाजाराचा दर शेजारचा लेआउट ठरवतो, खर्चाचा कागद नाही. छोटे प्लॉट मोठ्यांमध्ये मिसळून द्यावेत ही माझी सूचना मान्य झाली नाही. मैदानाच्या एका बाजूला दहा आले, बाकी नव्वद एकाच भागात राहिले. भिंत टळली, पण अंतर पूर्ण मिटलं नाही. सुविधांचा अर्धा एकर अजून मोकळाच आहे. तिथे अंगणवाडी आणि दवाखाना यावा यासाठी प्लॉटधारकांनी अर्ज दिले आहेत. छोट्या प्लॉटचे व्यवहार पुढे दलालांच्या हातात जातील ही भीतीही खरी आहे. एकाच घरच्या तीन नावांवर शेजारशेजारचे तीन प्लॉट घेऊन एक करण्याचे प्रकार इतर ठिकाणी झालेले सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यावर नकाशा काढणाऱ्याकडे इलाज नाही.

आता कागदपत्रांचं. ओपन स्पेस प्लॉटधारकांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याचं कलम प्रत्येक करारनाम्यात घातलं आहे. सातबाऱ्यावर 'मंजूर अभिन्यासातील खुली जागा' अशी नोंद घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज दिला आहे. मुदत ठेवीवर तीन सह्या लागतात : डेव्हलपरची एक, मोठ्या प्लॉटधारकांपैकी एकाची आणि छोट्या प्लॉटधारकांपैकी एकाची. संस्था नोंदली गेली की डेव्हलपरची सही निघेल आणि तिच्या जागी संस्थेच्या सचिवाची येईल. मुद्दलाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि त्या सभेत मतं चौरस फुटांवर नाहीत, दर घरामागे एक अशी मोजायची, हेही लिहून घेतलं आहे.